टेकडीवरून मी खाली नेलेलं वाक्य

नाना,

तुमचं ते वाक्य वर्तमानपत्रापर्यंत मी पोचवलं. कर्नल सबनीसांनी नाही. मी.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला, संजूला नाही. आई जायच्या आधी तिच्या उशाशी बसून नाही नाही ते बोललो, पण हे नाही बोललो. तुम्हाला सांगायच्या संधी तर इतक्या आल्या, की त्या हुकवणं हीच हळूहळू माझी सवय होऊन बसली. अजून तुमचे दिवसवारेही झालेले नाहीत. काल तुमच्या घरून माईंचा फोन आला. "स्मरणिका काढतायत. बाकीचे लिहितील काय लिहायचं ते. पण तू लिही, शिरीष. त्यांच्या सगळ्यात जवळचा तूच." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

बाकीचे लिहितीलच. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता शिकवता आमदार झालेले प्राध्यापक, सीमा, शेजारी, अणुबॉम्ब असलं काही निघालं की पक्ष ज्यांना पुढे करायचा ते अभ्यासू वक्ते, खासदारकी थोडक्यात हुकलेले नेते. ती का हुकली हे मात्र सगळे मोघम लिहितील. ते मला नेमकं ठाऊक आहे.

मी तुमच्याकडे आलो तो टंकलेखक म्हणून. संगणक कंपनीत नवा नवा लागलो होतो. सालाचे दोनच आकडे ओळखणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चार आकडे बसवायचे, हे दिवसभराचं काम. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की याला मराठी टाइप करता येतं. तुम्ही तुमच्या किरट्या अक्षरातला लेख माझ्यापुढे टाकलात आणि म्हणालात, "जोडाक्षरं फोडू नका, एवढीच विनंती." पुढच्या लेखापर्यंत 'अहो शिरीष'चं 'अरे शिरीष' झालं होतं. वडील गेल्यापासून त्यांच्या वयाच्या कोणी मला हक्कानं अरे-तुरे केलं नव्हतं. मी त्या 'अरे'साठी येत राहिलो, हे आता सांगायला हरकत नाही.

मग टेकडी. रोज पहाटे तुम्ही आणि कर्नल सबनीस वेताळ टेकडीवर जायचात, तिथे मलाही घेऊन जाऊ लागलात. तुम्ही दोघं शाळेपासूनचे. ते फौजेत गेले, खडकवासल्याला प्रबोधिनीत मुलांना शिकवून निवृत्त झाले. तुम्ही राजकारणात गेलात. चारचौघांत ते 'कर्नलसाहेब' आणि तुम्ही 'नानासाहेब'. टेकडीवर ते बाळ्या आणि तुम्ही नान्या. मला पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना, तर कर्नल म्हणाले, "हसा. खाली उतरल्यावर हसलात तर कोर्टमार्शल."

तुमचा एक नियम होता. वर चढताना आणि खाणीच्या कडेनं चालताना काहीही बोलायचं. सरकार, लष्कर, पक्ष, पक्षातली माणसं, कोणाचंही नाव घेऊन. उतरताना पायथ्याच्या वडापाशी आलं की तुम्ही म्हणायचात, "चला, हवापाणी." त्या क्षणी विषय बंद. वाक्य अर्धं असलं तरी ते तिथेच सोडायचं आणि कांद्याचे भाव नाहीतर उकाडा. टेकडीवरचं टेकडीवर. तुम्ही मला सांगितलं होतंत, "आमदाराला आणि फौजीला खरं बोलायला एवढीच जागा उरलीय रे. ती घालवू नकोस." मला त्या नियमाचा अभिमान वाटायचा. आपण आतले झालो असं वाटायचं.

आपली भांडणंही तिथलीच. अणुचाचण्या झाल्या तेव्हा मी चिडून म्हणालो होतो, "नाना, तुमच्या स्फोटानं आमचे व्हिसे अडकणार. अर्धी कंपनी अमेरिकेच्या भरवशावर आहे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "अडकला तर मंडईत गाळा बघू तुला. हिशेबाला बरा आहेस." कर्नल ठसका लागेपर्यंत हसले. पण पुढे चालताना तुम्ही गंभीर झालात. बॉम्ब असणं सोपं, म्हणालात. आता तो आहे म्हणून कुठे थांबायचं हे कळणारा माणूस खुर्चीत हवा, ते अवघड. मी तेव्हा मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

मग वर्ष उलटलं आणि कारगिल सुरू झालं.

संजूला तेव्हा फौजेत जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याचं पत्र महिन्याभरात आलं नव्हतं. पत्ता तुम्हाला माहीत आहे, हजारो जवानांचा तोच, फौजी टपालाचा, छप्पन एपीओ. त्यावरून माणूस बर्फात आहे की वाळवंटात, घरच्यांना कळत नाही. कळू नये म्हणूनच तो तसा असतो. पण आईनं ठरवून टाकलं होतं की तो तिथेच आहे. टीव्हीवर शवपेट्या दाखवायचे आणि ती प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारायची, जणू मनात वाचलं तर चुकून संजूचं वाचलं जाईल. मीही ठरवून टाकलं होतं. कामावर पडद्यासमोर बसायचो आणि एक ओळ धड दिसायची नाही.

त्या दिवसांत पक्षाला गर्जना हव्या होत्या. निवडणूक तोंडावर होती आणि पुण्याची उमेदवारी तुम्हालाच, हे जवळजवळ नक्की होतं. तुम्ही गर्जना करत नव्हतात. मुलाखतींना नाही म्हणत होतात. आणि त्या सकाळी, खाणीच्या कडेला, कर्नल फुटले.

"नान्या, तू सांग ना तुझ्या लोकांना! समोर शत्रू उंचावर बसलाय, पोरं सरळ कड्यावर चढतायत, आणि वर हुकूम काय, तर ताबारेषा ओलांडायची नाही. मागून जाऊन रसद तोडली तर चार दिवसांत खाली येतील ते. ही कसली लढाई? हात बांधून कुस्ती!"

तुम्ही थांबलात. तुम्ही चालता चालता थांबणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

"बाळ्या, रेषा ओलांडायची नाही हा निर्णय बरोबर आहे. ओलांडली तर ही लढाई त्या डोंगरावर राहणार नाही. दोघांकडे बॉम्ब आहेत. आज जग आपल्या बाजूनं बोलतंय ते आपण ओलांडली नाही म्हणून."

"आणि पोरं?"

"जातील. आणखी जातील. ते ठाऊक असूनही मी हाच निर्णय घेतला असता. आणि मग एकेका घरी जाऊन त्याच्या आईसमोर उभा राहिलो असतो. तेवढी हिंमत नसेल तर माणसानं त्या खुर्चीत बसू नये."

कर्नल ओरडले. तुम्हाला घाबरट म्हणाले, मास्तर म्हणाले, आणखीही काही म्हणाले. मी एक अक्षर बोललो नाही. तुम्ही 'आईसमोर' म्हणालात तेव्हा मला माझी आई दिसली, टीव्हीसमोरची, आणि दारात तुम्ही उभे, खादीचा झब्बा घालून, नीट शब्द निवडत. माझ्या डोक्यात रक्त चढलं. वडापाशी तुम्ही "हवापाणी" म्हणालात आणि मी म्हणालो, "यंदा आंबा महाग आहे."

त्या दिवशी दुपारी कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझा एक शाळासोबती भेटला. एका वर्तमानपत्रात होता. आता तोही नाही. नेहमीचा भेटायचा. मी त्याला सांगितलं. चिडून सांगितलं, पण भान सुटलं होतं असं मी म्हणणार नाही. वार्ताहर आहे हे मला ठाऊक होतं. छापू नको असं मी म्हणालो नाही. मला ते छापून यायला हवं होतं. तुम्हाला कोणीतरी विचारावं असं मला वाटत होतं. मला स्वतःला विचारायचा धीर नव्हता.

आणि मी अर्धंच सांगितलं. आईसमोर उभं राहायचं मी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'आणखी जवान गेले तरी चालतील'. तुम्ही 'चालतील' म्हणाला नव्हतात. हा शब्द माझा की त्याचा, हे आठवत नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवतं. माझा.

पुढचं सगळं तुमच्यासमोर घडलं, आणि प्रत्येक ठिकाणी मी हजर होतो. चौकात तुमचा पुतळा जाळला. घराच्या खिडकीवर दगड आले. माई वाकून काचा गोळा करत होत्या आणि मी सुपली धरून बसलो होतो. "शिरीष, हाताला लागेल," त्या मला म्हणाल्या. मला.

तरी तुम्ही पिशवी घेऊन मंडईत निघालात. मी नको म्हटलं तर म्हणालात, "भाजी संपलीय." नेहमीच्या मावशींपुढे उभे राहिलात. त्यांनी मेथीची जुडी हातात घेतली आणि दिलीच नाही.

"सायेब, माझा पुतण्या तिकडं हाय. तुमी आसं बोलला?"

आजूबाजूच्या गाळ्यांवरची माणसं वळून बघू लागली. मला वाटलं, आता सांगाल. पूर्ण वाक्य सांगाल. तुम्ही म्हणालात, "बोललो, मावशी."

त्यांनी जुडी परत टोपलीत टाकली. आपण रिकामी पिशवी घेऊन बाहेर आलो. मी विचारलं, पूर्ण का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, "पूर्ण सांगून तिचा पुतण्या परत येणार आहे का? तिला राग येण्याचा हक्क आहे. अर्धं असलं तरी खोटं नाहीये ते." मग थोडं चालून म्हणालात, "मात्र ज्यानं नेलं त्यानं अर्धं न्यायला नको होतं." मी पिशवीची घडी घालत होतो. ती घडी मी भलतीच नीट घातली.

मुंबईहून निरोप आला, उमेदवारी दुसऱ्याला. त्याच संध्याकाळी कर्नल तुमच्या घरी आले. आपण तिघं आणि माई. चहा आला होता. कोणी घेत नव्हतं.

"नान्या, मी तुला शिव्या दिल्या. तोंडावर दिल्या. पाठीमागे काही केलं नाही."

"टेकडीवर तिघं होतो, बाळ्या."

"मग तिसऱ्याला विचार."

"त्याला विचारत नाही. त्याचा भाऊ तिकडे आहे, तरी हा त्या दिवशी शब्दानं बोलला नाही. ओरडलास तू."

माझं गप्प बसणं तुम्ही निष्ठा समजलात. कर्नलांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं, नाना. न कळायला काय झालं. तिघांतून ते स्वतः वजा केले की उरतं कोण? ते वाट पाहत होते. मी चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. फौजेतली रीत असेल, किंवा माझी कीव आली असेल. "ठीक आहे," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीपासून टेकडीवर आपण दोघंच. पुढे त्यांनी वानवडीला घर घेतलं. तुम्ही पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाहीत. तुमच्या शाळेच्या गोष्टीही थांबल्या, कारण त्यातल्या प्रत्येकीत बाळ्या होता.

दिवाळीत संजू सुट्टीवर आला. सबंध लढाई तो राजस्थानात होता. "आम्ही वाळूत होतो रे, खंदक खणत," म्हणाला, "आई कशाला टीव्ही बघत बसली?" मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. भाऊ सुखरूप होता म्हणून, असं आईला वाटलं. तुम्हाला भेटायला त्याला मीच घेऊन आलो होतो. तुम्ही त्याला सरळ विचारलंत, "तुझं काय मत? ओलांडायला हवी होती?" तो लाजला. "काका, हुकूम आला असता तर ओलांडली असती. नाही आला. तिथे आमचं मत कोण विचारतंय?" तुम्ही खूप हसलात. मग म्हणालात, "म्हणून तर हुकूम देणाऱ्यानं नीट विचार करायचा."

तुम्ही पुन्हा निवडणुकीला उभे राहिला नाहीत. दर रविवारी फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा देणाऱ्या मुलांचा वर्ग सुरू केलात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून यायची, विदर्भातून शिकायला आलेली यायची. मंदीत माझी नोकरी गेली तेव्हा मी घराबाहेर पडेनासा झालो, तर तुम्ही घरी आलात, खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "गणित शिकवणारा पळून गेलाय. ऊठ." मी उठलो. त्या वर्गानं मला पुन्हा माणसांत आणलं. खरं तर तुम्ही आणलंत. तुमच्या या चांगुलपणानं मला जितकं छळलं तितकं रागानं छळलं नसतं. कधी वाटायचं, यांना कळलंय आणि हे मला माफ करतायत. पण तसं असतं तर तुम्ही बाळ्याला एकटं सोडलं नसतंत. म्हणजे कळलं नव्हतं.

एकदा सांगायला अगदी आलो होतो. कोरेगाव पार्कातल्या बेकरीत स्फोट झाला तेव्हा पहिला फोन तुमचा. "कुठे आहेस?" "घरी." "हं. ठेव." दुसऱ्या दिवशी टेकडीवर मी पेटलेला. म्हटलं, नाना, आता तर आपल्या शहरात येऊन मारतायत. अजून किती दिवस संयम? आता विमानं पाठवायला हवीत. तुम्ही म्हणालात, "पाठवायची वेळ येईलही. पण तुझ्या रागासाठी नाही पाठवायची, आणि माझ्यासाठीही नाही." मी म्हणालो, हे तुमचं नेहमीचं. तुम्ही म्हणालात, "मग तू पटवून दे." मला पटवता आलं नाही, आणि तुमचं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. कड्यावर चढणाऱ्या मुलाच्या बाजूनं बघितलं की तुमचं सगळं तर्कशास्त्र थंड वाटतं. हे भांडण अर्धं राहिलं. मला ते हवं होतं अजून.

त्या दिवशी उतरताना मी म्हणालो, "नाना, एक सांगायचंय. कारगिलच्या वेळचं." आपण वडापाशी पोचलो होतो. तुम्ही हात वर केलात. "चला, हवापाणी." आणि मी सुटलो. नियमामागे लपलो. जो नियम मीच मोडला होता, त्याच्यामागे. "उकाडा वाढलाय," म्हणालो. तुम्ही म्हणालात, "फेब्रुवारीतच."

परवा तुम्हाला खाली आणायच्या आधी कर्नल आले. खूप थकलेत. मुलीनं हात धरला होता. दारात बूट काढले, आत आले, तुमच्या पायाशी उभे राहिले. माई कधी कोणाला टाकून बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, आता कशाला आलात?" पक्षाचा एक जण मागे कुजबुजला, "हाच तो." मी ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी हार सरळ करत होतो.

कर्नल बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना वाकता येत नव्हतं आणि मुलगी गाडी आणायला गेली होती. मी खाली बसलो आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागलो. त्यांनी माझ्या डोक्यावरून समोर बघत विचारलं,

"नान्याला सांगितलंस का कधी?"

"नाही."

"हं."

मग गाडी आली.

नाना, तुमची माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. ती मागायची वेळ माझ्या हातात होती तेव्हा मी आंब्याचं आणि उकाड्याचं बोललो. पण सबनीस अजून आहेत. इतकी वर्षं ते माझ्या वाटणीचा ठपका घेऊन जगतायत, आणि तुमच्या शेवटच्या दर्शनालाही तो ठपका घेऊनच आले. स्मरणिका छापून येईल तेव्हा येईल. कागदावर लिहिणं मला नेहमीच सोपं गेलंय. रविवारी तुमची शोकसभा आहे. माई पहिल्या रांगेत असतील. मी वानवडीला जाऊन कर्नलांना घेऊन यायचं, त्यांना माईंच्या शेजारी बसवायचं, आणि सगळ्यांच्या देखत उभं राहून सांगायचं, की टेकडीवरचं वाक्य यांनी नेलं नाही, मी नेलं, आणि अर्धं नेलं. एवढं मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.

शिरीष